पानगळीचे फोटो

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात इंद्रवेल्ली येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, संस्थापकांचे स्मरण करावे आणि देणगीदारांचे आभार मानून खाली बसावे, अशी रीत आहे. ही तिन्ही कामे माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगल्या भाषेत केली आहेत. चिटणिसांनी मला निराळेच काम सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही रविवारी कॅमेरा घेऊन रानात जाता आणि वाळलेल्या पानांचे फोटो काढता. त्यात काय आहे ते एकदा आम्हांला सांगा."

प्रथम मला संकोच वाटला. गावात काही मंडळी मला 'पत्तेवाले मास्तर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरच्या दख्खनी बोलीत पत्ते म्हणजे पानेही आणि खेळायचे पत्तेही. त्यामुळे नवख्या माणसाचा समज होतो की मास्तर जुगारी आहेत. असा लौकिक असलेल्या माणसाने धर्मादाय संस्थेच्या सभेत बोलावे काय? परंतु दोन कारणांनी मी होकार दिला. एक म्हणजे या संस्थेचे माझ्यावर ऋण आहे. २००३ साली माझ्या बी. एड्.ची फी भरावयास घरात पैसे नव्हते, ते संस्थेने दिले. दुसरे कारण असे की, मला आज आपणांपुढे एक कबुली द्यावयाची आहे आणि एक मागणेही मागावयाचे आहे. ती दोन्ही या पानांच्या वाटेनेच येतील, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

माझे अब्बा उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फडावर मुन्शी असत. पानांची पुडकी मोजावयाची, वहीत नोंद करावयाची, उन्हात वाळत घातलेली पुडकी उलटावयाची, हे त्यांचे काम. त्यांच्याजवळ अग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत आणि ते बारा फोटो कधीकधी वर्षभर पुरत. त्यांनी काढलेला अम्मीचा एक फोटो अद्याप माझ्या घरात आहे. ती फुललेल्या पळसाखाली उभी आहे. फोटो कृष्णधवल, त्यामुळे पळसाची फुले कोळशासारखी काळी दिसतात. अब्बा तो फोटो दाखवीत, तेव्हा दर वेळी म्हणत, "बेटा, ही फुले लाल आहेत, लक्षात ठेव." फोटोत जे येत नाही ते माणसाने लक्षात ठेवावयाचे असते, हा धडा मला प्रथम तेथे मिळाला.

पुढे नोकरी लागली. एके दिवशी आदिलाबादला एका दुकानात भिंतीवर जपानी दिनदर्शिका पाहिली. नोव्हेंबर महिन्याच्या पानावर एका नदीच्या खोऱ्याचे चित्र होते. दोन्ही काठांवरची झाडे लाल, नारिंगी, पिवळी झालेली, आणि मधून पांढरे पाणी धावत होते. मी दुकानदाराकडून ते पान मागून घेतले आणि शाळेत लावले. मुलांनी विचारले, "सर, हे रान पेटले आहे काय?" मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून वाचावयास लागलो.

जपानात पानांच्या या रंगास कोयो म्हणतात, आणि ती पाने पाहण्यासाठी डोंगरदऱ्यांत हिंडण्यास मोमिजिगारी. गारी म्हणजे शिकार. लाल पानांची शिकार! हरणामागे जावे तसे ते लोक पानांमागे जातात. रंगाची ही लाट सप्टेंबरात उत्तरेकडील होक्काइडो बेटाच्या उंच डोंगरांवर सुरू होते आणि दक्षिणेकडे व खालच्या दऱ्यांकडे सरकत नोव्हेंबरअखेर क्योटो, टोकियो या शहरांत पोहोचते. आओमोरी प्रांतात तोवादा नावाच्या सरोवरातून ओइरासे हा प्रवाह निघतो; त्याच्या काठाने सुमारे चौदा किलोमीटरची पायवाट आहे. क्योटोजवळ होझू नदीच्या खोऱ्यातून आराशियामापर्यंत लोक नावेत बसून पाने पाहतात. कुरोबे नदीच्या दरीत तर त्यासाठी छोटी आगगाडी आहे. तेथील मेपलचे पान लहान मुलाच्या उघड्या पंजासारखे असते, आणि प्रत्येकाच्या हाती कॅमेरा.

हे वाचून कोणाही मास्तराच्या मनात येईल तेच माझ्या मनात आले. आपण कधी तेथे जाणार? परंतु लगेच दुसरा विचार आला. आपल्याकडे नदी नाही काय? खोरे नाही काय? पाने तर इतकी आहेत की फेब्रुवारीत सागाच्या रानातून चालताना पापड मोडावेत तसा आवाज होतो आणि शेजारी चालणाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग मी ठरविले की आपली शिकार आपल्याच रानात करावयाची.

आपला मुलूख आपणांस सांगण्याची गरज नाही. परंतु ही स्मरणिका बाहेरगावीही जाईल, म्हणून दोन शब्द सांगतो. इंद्रवेल्ली हे आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहतनूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे येथे एकाच ओसरीवर गोंडी, मराठी, तेलुगू, लंबाडी आणि दख्खनी ऐकू येते. येथून जवळच केसलापूरचा नागोबा आहे. पौष अमावास्येच्या जत्रेसाठी मेस्राम कुळाचे लोक जन्नारमच्या बाजूने गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. जत्रा सरली की सागाची गळती अंगात येते. बोथच्या बाजूच्या टेकड्यांतून कडेम नदी निघते, कुंतला येथे सुमारे दीडशे फुटांवरून उडी घेते आणि पुढे गोदावरीला मिळते. पलीकडे पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. जन्नारम-उटनूरकडचे रान १९६५ साली कव्वाल अभयारण्य झाले आणि २०१२ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

बाहेरच्या माणसास इंद्रवेल्लीचे नाव बहुधा २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारामुळे ठाऊक असते. जमिनीच्या प्रश्नासाठी जमलेल्या गोंड बांधवांवर त्या दिवशी गोळ्या चालल्या. त्यांच्या स्मृतीचा स्तंभ गावात उभा आहे. रविवारी रानाकडे जाताना मी त्याच्या समोरून जातो. जमीन आणि जंगल हा येथे नुसता शोभेचा विषय नाही, याची आठवण तो मला देतो. ही आठवण मी एकदा विसरलो. ते पुढे सांगेन.

आता पाने रंग का बदलतात, हे सांगितल्यावाचून मास्तराची सुटका नाही. पानात हरितद्रव्य असते, त्यामुळे ते हिरवे दिसते. पिवळा रंगही पानात पहिल्यापासूनच असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. जपानात थंडी पडते, दिवस लहान होतो. झाड हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश फांदीत ओढून घेते आणि झाकलेला पिवळा उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र त्या दिवसांत पानात साठलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर बनतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की पान सुटते. वारा केवळ निमित्त असतो. सोडण्याची तयारी झाडाने आधीच केलेली असते.

आपल्याकडे हीच क्रिया थंडीने नव्हे तर तहानेने होते. जमिनीतील ओल संपत येते, हवा कोरडी होते. सागाचे पान केवढे मोठे, त्यातून पाणी किती उडून जाईल! म्हणून साग पाने टाकून देतो आणि उन्हाळा उघड्या अंगाने काढतो. आपली पानगळ ही झाडाची काटकसर आहे. घरात दाणे कमी असले की शहाणी गृहिणी पाहुणे कमी करते, तसेच हे.

मग आपल्याकडे लाल पाने नाहीतच काय? आहेत. शाळेच्या आवारातील बदामाच्या झाडाकडे जानेवारी-फेब्रुवारीत पाहा. तो आमचा मेपल. धावड्याची पानेही गळण्यापूर्वी तांबूस होतात. परंतु आपल्या रानाची खरी लाली मार्चमध्ये येते, ती कुसुमावर. ज्याला कोणी कोसंब म्हणतात, तोच हा. सगळे रान उघडे पडलेले असते, ओढ्याच्या काठी पाणी आटून डबकी उरलेली असतात आणि त्या राखाडी पार्श्वभूमीवर कुसुमाचे झाड नखशिखांत लाल होते. पाहणाऱ्यास वाटते की फुले आली आहेत. जवळ जाऊन पाहावे तर ती कोवळी पाने असतात. मोहाची व पिंपळाची पालवीही तांबूसच असते. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आणि किड्यांपासून जपण्यासाठी हा लाल रंग असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. जपानात पान जाताना लाल होते, आमच्याकडे येताना लाल होते. या एका गोष्टीवर मी मुलांचे तीन तास घेतो, आणि ते अभ्यासक्रमात नाहीत.

फोटो कसे काढावेत, हे विचारणारी तरुण मंडळी येथे आहेत. फार मोठा कॅमेरा लागत नाही; आता खिशातला मोबाइलही पुरतो. सकाळी लवकर निघावे आणि दहाच्या आत परतावे. मार्चमध्ये आमच्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात, त्या उगीच नव्हेत. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा असे जुने लोक सांगत. पानाच्या बाबतीत मात्र सूर्य पानाच्या पाठीशी असावा. मग पान दिव्याच्या काचेसारखे उजळते आणि शिरा न् शीर मोजता येते. पानामागे काळा खडक किंवा सावली असेल तर रंग उठून दिसतो. पांढरे आकाश मागे आले की सगळे फिके पडते. डोंगराचा फोटो काढा किंवा पानाचा काढा. दोन्ही एकाच चौकटीत कोंबू नका. आणि चांगले पानच शोधीत बसू नका. पावसाळा सरताना किडा सागाच्या पानातील मऊ भाग खातो आणि शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवतो. ती जाळी उन्हासमोर धरली तर बिदरच्या कारागिराला हेवा वाटावा. वाटेत गावातला एक माणूस बरोबर घ्यावा, राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी, पाणी जवळ ठेवावे आणि आगपेटी घरी ठेवावी.

आगपेटीपाशी माझी कबुली येते.

२०१७ सालच्या मार्चमधील एका रविवारची गोष्ट. कडेमला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी मी आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. लाल कुसुमाच्या मागून सूर्य वर येत होता. जपानी चित्रांत दरीतले धुके असते आणि त्यातून किरणांचे पट्टे उतरतात. आपल्या कोरड्या रानात धुके कोठून आणावयाचे? मला युक्ती सुचली. थोडी पाने गोळा करून पेटविली तर धूर होईल आणि धुरात किरण दिसतील. ढीग मी रचला, काडी मी ओढली. फोटो फार सुंदर आला. मी कॅमेऱ्यात पाहत असतानाच एक मुलगा ओरडला, "सर, तिकडे!" वाऱ्याने एक जळते पान उचलून पलीकडच्या सागाच्या पाचोळ्यात टाकले होते.

वाळलेल्या सागपानांवर आग कशी धावते, हे ज्याने पाहिले आहे त्यास सांगावे लागत नाही. आम्ही ओल्या फांद्या तोडून झोडपीत सुटलो. गावातले लोक धावून आले. दुपारपर्यंत आग विझली. कोणास इजा झाली नाही, ही खुदाची मेहेरबानी. परंतु उतारावरच्या मोहांखालून आग गेली होती. मोहफुलांचे ते ऐन दिवस. फुले रात्री उमलतात, पहाटे गळतात, आणि बायामुले ती वेचून वाळवितात. त्यावर घरातले मीठमिरची, कपडालत्ता चालतो. त्या झाडांखालची फुले जळाली, खालच्या फांद्या करपल्या आणि तीन घरांचे त्या वर्षीचे मोह बुडाले.

मी स्वतः वनरक्षकाकडे जाऊन घडले ते सांगितले. त्यांनी लेखी जबाब घेतला आणि कडक समज दिली. मग मी गावच्या पटेलांकडे गेलो. पंच बसले. मी म्हटले, "पटेल, नुकसान भरून देतो." ज्या घरांचे मोह गेले होते त्यांतील एक म्हातारी आजी म्हणाली, "पैसे घेईन, मास्तर. घरात लागतातच. पण झाडाला काय देशील?" मला उत्तर सुचले नाही. वर्गात मुलाला उत्तर आले नाही की मी त्याला उभे करतो. त्या दिवशी मी तसा उभा होतो.

पटेलांनी शिक्षा सांगितली. पैसे तर द्यावयाचेच. शिवाय दर वर्षी साग गळू लागला की मास्तरांनी झाडू घेऊन यावे आणि त्या मोहांभोवतीचा पाचोळा झाडून जाळरेषा करावी. जाळरेषा म्हणजे पाने काढून मोकळी केलेली पट्टी. आग तेथपर्यंत येते आणि पुढे खावयास काही न मिळाल्याने मरते. किती वर्षे, हे पटेलांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तो धुराचा फोटो मी कोणास दाखविला नाही. पण पुसूनही टाकला नाही. तो सुंदर आहे, आणि म्हणूनच तो जवळ असावा असे मला वाटते. सुंदर दिसणारी गोष्ट कोणाच्या खर्चाने मिळाली, हे विचारण्याची सवय मला त्या फोटोने लावली.

पुढच्या वर्षापासून मी व विद्यार्थी झाडू घेऊन जाऊ लागलो. झाडताना जमिनीकडे पाहावे लागते, आणि तेथे मला पाने खऱ्या अर्थाने दिसू लागली. पूर्वी मी रंग पाहत होतो. आता कोणते पान आधी पडले, कोणते नंतर, कोणते अजून झाडावर अडून आहे, हे दिसू लागले. मग आम्ही एक नोंदवही घातली. तीन झाडे ठरविली. शाळेतला बदाम, जाळरेषेवरचा एक साग आणि ओढ्याकाठचा तोच कुसुम. दर रविवारी त्याच दगडावर उभे राहून, त्याच बाजूने, प्रत्येकाचा एक फोटो काढावयाचा आणि तारीख लिहावयाची. वहीत झाडांची नावे मराठीत, तेलुगूत, उर्दूत आणि गोंडीत लिहिली. मोह, इप्प, महुवा. पळस, मोदुग, ढाक. गोंडी नावे मला येत नव्हती. ती मुलांनी लिहिली.

या कामात एक मुलगा सर्वांत पुढे होता. त्याचे नाव मी सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. गोंड घरचा मुलगा. त्याला मी पूर्वी फार रागे भरत असे, कारण उन्हाळा लागला की तो शाळेतून गायब होई. एकदा तेंदूच्या झुडपांत तो व त्याची आई पाने खुडताना मला भेटले. माझ्या हातात कॅमेरा, त्याच्या हातात पाने. तो म्हणाला, "सर, तुम्ही लाल पान घेता, आम्ही हिरवे घेतो." मुन्शीचा मुलगा असूनही हे मला कधी सुचले नव्हते. माझ्या बापाने ज्यांची पुडकी मोजली, त्यांच्या नातवाला मी गैरहजेरीचा शेरा देत होतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद, रस्ते बंद, आणि मीही घरात बंद. त्या वसंतात वहीची पाने कोरी राहणार, हे मी मान्य केले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी नववीचे व पुढचे वर्ग उघडले. पहिल्याच दिवशी तो मुलगा एक जुनी वही घेऊन आला. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, मोबाइल नव्हता. परंतु टाळेबंदीतल्या प्रत्येक रविवारी तो आपल्या वस्तीवरून त्या कुसुमापाशी गेला होता, एक पान घेऊन वहीत दाबले होते आणि खाली तारीख लिहिली होती. पानांचा लाल रंग उडून ती तपकिरी झाली होती. म्हणून त्याने प्रत्येक पानाशेजारी शब्दांत रंग लिहिला होता. एका ठिकाणी लिहिले होते, 'मिरचीसारखा'. पुढच्या रविवारी, 'वीटेसारखा'. त्यापुढच्या, 'आता हिरवा'.

मंडळी, मला अब्बांची आठवण झाली. ही फुले लाल आहेत, लक्षात ठेव.

अशा नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून ठिकठिकाणी ठरावीक झाडे नेमून मेपल लाल होण्याची आणि गिंको पिवळा होण्याची तारीख दर वर्षी लिहून ठेवली आहे. ती वर्षानुवर्षांची यादी पाहिल्यावरच कळले की मेपल लाल होण्याचा दिवस हळूहळू पुढे सरकत आहे, म्हणजे थंडी उशिरा येत आहे. एका वर्षाच्या फोटोवरून हे कोणास दिसले नसते. आमच्या वहीवरून मी कोणताही सिद्धांत मांडणार नाही. ती अजून लहान आहे. परंतु आणखी तीस वर्षे ती कोणी चालविली, तर आपल्या रानाचे काय झाले हे सांगावयास कागद असेल.

जवळचेही एक उदाहरण आहे. हैमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात येथून जवळच मार्लवाई गावी गोंड लोकांत येऊन राहिले. त्यांनी गोंडांवर ग्रंथ लिहिला, १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि त्यांनी पुष्कळ फोटो काढले. ते लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवले आहेत. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली हैदराबादला वारल्या, त्यांची समाधी मार्लवाईत आहे. १९९५ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या अस्थीही तेथेच आल्या. त्यांनी फोटो काढले नसते, तर आजच्या कित्येक नातवंडांना आपल्या आजोबांचा तरुण चेहरा दिसला नसता. पण एक गोष्ट मनात येते. आपल्या रानाची आणि आपल्या माणसांची नोंद ठेवावयास दर वेळी दुरून कोणी यावे काय? जो येथे जन्मला त्याच्या हाती ती वही का असू नये?

आता माझे मागणे. तो मुलगा दहावी झाला, इंटर झाला. गेल्या वर्षभर तो मजुरी करीत आहे. त्याला वनशास्त्र शिकावयाचे आहे. सिद्दिपेट जिल्ह्यातील मुलुगु येथे त्याचे महाविद्यालय आहे. त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळू शकेल. परंतु प्रवेशपरीक्षेची तयारी, पुस्तके, जाणेयेणे, आणि घरची एक मजुरी बुडते तिचे काय? २००३ साली माझा प्रश्न नेमका एवढाच होता आणि या संस्थेने तो सोडविला. मी चिटणिसांकडे अर्ज घेऊन गेलो. त्यांनी प्रेमाने नियम दाखविला. साहाय्य समाजातील विद्यार्थ्यासच देता येते. नियम खरा आहे. ज्या काळी संस्थेजवळ थोडे पैसे आणि दारात पुष्कळ मुले होती, त्या काळी तो योग्यही होता. त्यांच्या दूरदृष्टीनेच मी आज येथे उभा आहे.

परंतु विश्वस्त मंडळी, पन्नास वर्षांनी त्या नियमाकडे एकदा पुन्हा पाहावे, अशी माझी विनंती आहे. आपले घर येथे कसे बसले? माझे अब्बा कोणाच्या खुडलेल्या पानांवर जगले? आपल्या दुकानांत जत्रेच्या दिवसांत कोण येते? ज्या वाड्या-वस्त्यांच्या बळावर आपला समाज येथे उभा राहिला, त्यांतले एखादे मूल दर वर्षी आपल्या यादीत असावे. समाजाच्या मुलांचा वाटा कमी करा असे मी म्हणत नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतून एक जागा वेगळी ठेवा. मी घेतलेली रक्कम मी यापूर्वीच परत केली आहे. आज तेवढीच रक्कम या एका जागेसाठी प्रथम देणगी म्हणून चिटणिसांच्या हवाली करीत आहे. आपण ठराव केला नाहीत तर ती इमारत निधीत जमा करावी. माझी काही तक्रार राहणार नाही. पण ठराव केलात, तर त्या आजीने मला विचारलेल्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला देता येईल.

पाने पाहण्यासाठी जपानला जाण्याची माझी इच्छा अद्याप गेलेली नाही. ओइरासेच्या काठाने एकदा चालावे असे वाटते. खुदाने योग आणला तर जाईन. तोवर आपला ओढा आहे. बाहेरच्या दालनात विद्यार्थ्यांनी आमचे फोटो मांडले आहेत, आणि त्यांच्या शेजारी ती जुनी वहीही ठेवली आहे. फोटो भिंतीवर आहेत, ते लांबून पाहिले तरी चालतील. वही मात्र हात स्वच्छ करून उघडा. पाने आता फार ठिसूळ झाली आहेत.

जत्रा सरली की पहिल्या रविवारी आम्ही जाळरेषा झाडावयास जातो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळी सहा वाजता शाळेपाशी यावे. कॅमेरा नसला तरी चालेल, झाडू मात्र आणावा.